साहेबांच्या निरोपाच्या काराओकेत कोणती जपानी गाणी म्हणू?

प्रश्न असा आहे: "मी पुण्याचा. दोन वर्षांपासून नागोयाजवळच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे. आमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, या महिन्याअखेर साठाव्या वर्षी निवृत्त होत आहेत. जेवणानंतर काराओके ठरलंय. आठ जण, मी सोडून सगळे पंचेचाळीस ते साठ. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३, म्हणजे पाचांतली मधली पातळी, झाली आहे, गळा बेताचा. सिटी पॉपची गाणी मला पाठ आहेत, ती चालतील का? की एन्का शिकू?"

एन्का, म्हणजे हरकतींनी सजलेली जुन्या वळणाची भावगीतं, शिकायला आता वेळ नाही, आणि सिटी पॉप, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं शहरी पॉप, त्या खोलीत पडेल. मी बावीस वर्षं इथे दुभाषी म्हणून काम करते. दिवसा मीटिंगा आणि रात्री निजिकाई, म्हणजे जेवणानंतरची दुसरी बैठक, दोन्हीकडे माझी हजेरी असते. तुमच्यासारखे मेहनतीने गाणं पाठ करून आलेले आणि शेवटपर्यंत एकटेच गात राहिलेले बरेच जण पाहिलेत. बाकीचे सगळे सभ्यपणे टाळ्या वाजवत असतात. ते बघवत नाही.

आधी सिटी पॉपचं सांगते. ताकेउची मारियाचं 'प्लास्टिक लव्ह' १९८४ चं आणि मात्सुबारा मिकीचं 'मायोनाका नो दोआ' १९७९ चं, म्हणजे वर्षं तर बरोबर आहेत. पण ही गाणी जगभर गाजली ती अलीकडे, इंटरनेटवर. दुसरं तर २०२० मध्ये. तुमच्या बुचोंच्या शाळेच्या बसमध्ये ती कुणी म्हणत नव्हतं. तुम्ही 'प्लास्टिक लव्ह' लावलंत तर "अरे वा, हे तुला कसं माहीत?" असं कौतुक होईल, आणि पुढची पाच मिनिटं तुम्ही एकटे. मारियाबाईंचंच काही हवं असेल तर १९८७ चं 'एकी' घ्या. एकी म्हणजे स्टेशन. ते त्या पिढीच्या बायकांना तोंडपाठ असतं.

एन्काची अडचण वेगळी. 'जुनं जपानी गाणं' म्हटलं की परदेशी माणसाला एन्का आठवते. पण साठीच्या माणसाला ते त्याच्या वडिलांचं गाणं वाटतं. तुम्ही आज चाळिशीतल्या मराठी माणसापुढे नाट्यगीत म्हणालात तर तो मान डोलावेल, पण त्याला कॉलेज आठवणार नाही. तसंच हे.

मग त्यांचं गाणं कोणतं? त्यासाठी मी एक साधं गणित करते. समोरचा माणूस तेरा ते अठरा वर्षांचा असताना कोणती साल होती ते काढायचं. तुमचे बुचो साठचे, म्हणजे जन्म १९६५ च्या आसपास, म्हणजे शाळेची ती वर्षं १९७८ ते १९८३. हा काळ 'द बेस्ट टेन' या टीव्ही कार्यक्रमाचा. १९७८ ते १९८९, दर गुरुवारी रात्री नऊ वाजता, त्या आठवड्यातली पहिली दहा गाणी आणि गायक समोर हजर. शुक्रवारी शाळेत दुसरा विषय नसायचा, असं त्या वयाचा कुणीही सांगेल. निवेदिका होत्या कुरोयानागी तेत्सुको. आपल्या 'तोत्तोचान'मधली ती खट्याळ मुलगी म्हणजे याच. हे नाव जेवतानाच काढा. "तोत्तोचान मी मराठीत वाचलंय" म्हणा, आणि बघा टेबलावर कुणाकुणाचे चेहरे खुलतात. तुमची अर्धी निवड तिथेच होऊन जाईल, कारण आपापली गाणी ते स्वतःच सांगायला लागतील.

या काळातलं पहिलं नाव यामागुची मोमोए. वयाच्या एकविसाव्या वर्षी, ऑक्टोबर १९८० मध्ये, लग्नासाठी तिने गाणं सोडलं, आणि निरोपाच्या कार्यक्रमाच्या शेवटी माईक तोक्योच्या बुदोकान सभागृहाच्या रंगमंचावर ठेवून ती निघून गेली. पुन्हा कधी गायली नाही. तुमचे बुचो तेव्हा पंधरा वर्षांचे असतील. तिचं १९७८ चं 'ई ही ताबिदाची' तुमच्यासाठी उत्तम आहे: संथ, शब्द सुटे, चाल सरळ. लिहिलंय तानिमुरा शिंजींनी, आणि जपानच्या सरकारी रेल्वेच्या पर्यटन मोहिमेत ते वापरलं होतं. अर्थ साधारण 'प्रवासाला निघायला चांगला दिवस'. निवृत्तीच्या रात्री याहून बरं काय असणार? एक आगाऊपणा सुचवते: गाणं संपल्यावर माईक हळूच जमिनीवर ठेवा आणि मागे सरका. बोलू काही नका. मी हे एकदा केलं तेव्हा एरवी तोंडातून शब्द न काढणारे एक क्वालिटीचे साहेब टेबलावर हात आपटून हसले होते.

त्यानंतर मात्सुदा सेइको. १९८० ला आली आणि देशभरच्या पोरींनी तिच्यासारखे केस कापले. १९८२ चं 'आकाई स्वीट पी' घ्या. शब्द मात्सुमोतो ताकाशीचे. चाल कुरेता कारुहो या नावाने दिलेली आहे, आणि ते टोपणनाव आहे मात्सुतोया युमीचं, जिला सगळा देश युमिंग म्हणतो. ही माहिती तिथल्या प्रत्येकाला असते; तुम्हालाही आहे हे कळलं की तुमचं वजन वाढतं. पण गाणं बाईच्या पट्टीतलं आहे. पट्टीकडे पुढे येते. नाकामोरी आकिनाच्या वाटेला तुम्ही जाऊ नका. 'डिझायर' ऐकायला सोपं वाटतं, पण ते खर्जातल्या रुबाबावर उभं आहे. विभागात तिची भक्त असलेली कुणी पन्नाशीची बाई असणारच. ते तिच्यासाठी राहू द्या.

पंचेचाळीसच्या मंडळींसाठी हेच गणित केलं की १९९३ ते १९९८ येतं. सम्राट बदलला की जपानात युगाचं नाव बदलतं; शोवा युग १९८९ च्या जानेवारीत संपलं, त्यामुळे यांच्या आठवणी हेइसेई युगातल्या. त्यांच्यासमोर साठीचीच गाणी म्हणत राहिलात तर ते मोबाइल काढतील. यांच्यासाठी झार्डचं 'माकेनाइदे', १९९३. 'हार मानू नकोस' एवढाच अर्थ. टीव्हीवरच्या चोवीस तासांच्या मदतनिधी कार्यक्रमात मॅरेथॉन धावणाऱ्यासाठी दरवर्षी हेच म्हणतात, त्यामुळे ते येत नाही असा माणूस मिळणं कठीण. ध्रुवपद आलं की माईक तोंडापासून दूर करून खोलीकडे धरा. तुमचा गळा बेताचा आहे हे कुणाला कळणारही नाही.

मी सगळ्यांना हेच सांगते. असं गाणं घ्या जे समोरचे तुमच्या हातातून ओढून घेतील. मुखडा तुम्ही म्हणा, ध्रुवपद त्यांचं. निजिकाई म्हणजे आपल्या गाण्याच्या भेंड्या आहेत असं समजा, मैफल नव्हे. भेंड्यांमध्ये चांगल्या गळ्याच्या मावशीपेक्षा सगळ्यांना ओढून गायला लावणारा काका जास्त हवा असतो. चागे अँड आस्काचं १९९३ चं 'याह याह याह' तर यासाठीच बनवल्यासारखं आहे: ध्रुवपदात तेवढंच म्हणायचं आणि मूठ वर करायची. साइजो हिदेकीचं १९७९ चं 'यंग मॅन'ही तसंच. वाय, एम, सी, ए ही चार अक्षरं हातांनी काढायची. त्यात टायवाले सगळे उभे राहतात. पण ते पहिल्या अर्ध्या तासात लावू नका. ग्लास दोनदा भरले की मगच.

आता एन्का. शिकू नका म्हटलं, पण ओळख हवी, कारण कुणीतरी म्हणणारच. इशिकावा सायुरीचं 'त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी', १९७७. तोक्योतल्या उएनोहून निघालेली रात्रीची गाडी, बर्फातलं आओमोरी स्टेशन, तिथून होक्काइदोला जाणारी बोट. १९८८ मध्ये समुद्राखालून सेइकान बोगदा सुरू झाला आणि त्या बोटी थांबल्या, त्यामुळे गाण्यातला तो प्रवास आता करताच येत नाही. वर्षअखेरच्या रात्री एनएचके या टीव्ही वाहिनीच्या कोहाकु या गाण्यांच्या कार्यक्रमात सायुरीबाई कित्येक वर्षं हे आणि 'आमागिगोए' आलटून पालटून गात आल्या. एन्कातल्या हरकतींना कोबुशी म्हणतात. आपल्या कानाला मुरकी ऐकायची सवय असते म्हणून ते सोपं वाटतं, आणि मराठी माणूस हटकून जास्त मुरक्या घेतो. मीही घेतल्या आहेत. घेऊ नका.

एन्काच्या बाजूचं एकच गाणं तुम्हाला देईन: सेन मासाओचं 'कितागुनी नो हारु', १९७७. उत्तरेकडच्या गावातला वसंत, शहरात राबणारा मुलगा, आईकडून आलेलं पार्सल. पार्सलातल्या लाडवांवर वाढलेल्या पुण्याच्या पोराला याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. चाल 'योनानुकी' सप्तकातली, म्हणजे चौथा आणि सातवा स्वर गाळलेली. सा रे ग प ध. हा तर आपला भूप! शाळेत पेटीवर भूप वाजवला असेल तर ही चाल तासाभरात बसते. याच सप्तकाचा दुःखी प्रकार सा रे, कोमल ग, प आणि कोमल ध असा असतो. ऐकताना शिवरंजनीचा भास होतो आणि धैवताला पाय घसरतो, तेवढं सांभाळा.

सगळ्यांना येणारं, वयाचं बंधन नसलेलं एक गाणं मात्र खिशात हवंच: साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते आरुको', १९६१. रडू खाली ओघळू नये म्हणून वर बघत चालणारा माणूस. अमेरिकेत हे 'सुकियाकी' या नावाने १९६३ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. सुकियाकी हा मांसाचा रस्सा. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि हे जपानी लोक अजून हसून सांगतात. क्यू १९८५ च्या ऑगस्टमध्ये जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात गेले, त्यामुळे हसण्याच्या मागे एक हळवेपणाही असतो. मुखड्यात पुन्हा बहुतेक भूपाचेच स्वर, आणि मधे शिट्टीचा तुकडा. शिट्टीला भाषा लागत नाही.

तुम्ही भारतीय आहात म्हणून दोन गाण्यांची फर्माइश जवळजवळ नक्की होईल. एक गोदाइगोचं 'गांधारा', १९७८ च्या 'साइयुकी' मालिकेतलं. शुआनझांग आणि त्याच्या माकडाची भारतयात्रा, नि ध्रुवपदात ते गांधार भारतात होतं असं ऐकिवात असल्याचं इंग्रजीत म्हटलंय. तुमचे बुचो तेव्हा तेरा वर्षांचे, म्हणजे ही मालिका त्यांच्या अगदी हक्काची. गांधार आजच्या पेशावरकडे आहे हा भूगोल त्या रात्री शिकवू नका. दुसरं कुबोता साकीचं 'इहोजिन', १९७९. इहोजिन म्हणजे परका, परदेशी. परदेशी माणसाने हे म्हटलं की विनोद आपोआप होतो. तुम्ही फक्त गंभीर चेहऱ्याने गा. 'नातू नातू'वर नाचायला सांगतील ते वेगळंच. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

आता काय टाळायचं. माझ्या दुसऱ्या वर्षी मी तानिमुरांचं 'सुबारु' महिनाभर घासून तयार केलं आणि एका कंपनीच्या वर्षअखेरच्या पार्टीत दणक्यात म्हटलं. टाळ्या पडल्या. नंतर कळलं, ते तिथल्या कारखानाप्रमुखांचं ओहाको होतं. ओहाको म्हणजे माणसाचं हुकमी, राखून ठेवलेलं गाणं. ते प्रत्येक पार्टीत शेवटी तेच म्हणायचे. त्या रात्री त्यांनी "आज घसा बसलाय" म्हणत काहीच म्हटलं नाही. मला कुणी एक शब्द बोललं नाही, हेच जास्त लागलं. तेव्हापासून मी आदल्या दिवशी कान्जीला, म्हणजे पार्टीची व्यवस्था बघणाऱ्याला, गाठून विचारते की कुणाचं ओहाको काय आहे. तुम्हीही बुचोंचं विचारा. कळल्यावर ते म्हणायचं नाही, पण योग्य वेळी यंत्रात टाकून माईक त्यांच्या हाती द्यायचा.

सदर्न ऑल स्टार्सचं 'त्सुनामी', २००० चं, अतिशय सुंदर प्रेमगीत आहे आणि परदेशी मुलांना फार आवडतं. २०११ च्या मार्चमधल्या त्सुनामीनंतर ते वाजवणं बराच काळ टाळलं गेलं. खोलीत कुणी तोहोकूचा, म्हणजे त्सुनामीचा तडाखा बसलेल्या ईशान्य भागातला, असेल, आणि तुम्हाला ते ठाऊक नसेल, तर कशाला विषाची परीक्षा? त्याच बँडचं १९७९ चं 'इतोशी नो एली' आहे की. तेही साठीच्या माणसाचंच. मेलेल्या माणसांची, फार रडकी गाणी निरोपाला नकोत. निरोपासाठी काइएन्ताईचं 'ओकुरु कोतोबा', १९७९. शाळामास्तर किम्पाची यांच्या मालिकेचं शीर्षकगीत, आणि मास्तरांचं काम करणारे ताकेदा तेत्सुयाच गायक. कितीतरी शाळांच्या निरोप समारंभांत ते म्हटलं गेलंय. हे एकट्याने म्हणू नका. विभागातल्या सगळ्यात कनिष्ठ दोघांना बरोबर घ्या आणि शेवटच्या वीस मिनिटांसाठी ठेवा.

उच्चारांचं म्हणाल तर रोमन लिपीत शब्द लिहून पाठ करू नका, देवनागरीत लिहा. स्वर जवळजवळ आपलेच आहेत. शिवाय मराठी माणसाला एक फुकटचा फायदा आहे. 'त्सुगारू'मधला त्सु इंग्रजी बोलणाऱ्याची जीभ वळवतो. आपण 'चूल' म्हणतो तेव्हा चू उच्चारतो ना, जवळपास तोच. 'झ' साठी 'जहाज'मधला ज आठवा. आणि ताल मात्रांचा. लहान स्वराला एक मात्रा, दीर्घाला दोन, जोडाक्षराने आधीचं अक्षर गुरू. 'निप्पोन' म्हणजे चार मात्रा, 'तोक्यो'चे दोन्ही ओ लांब म्हणून त्याही चार. शाळेत भुजंगप्रयात पाडला असेल तर हे हिशेब येतातच. चूक होते ती न् वर: त्याला स्वतःची पूर्ण मात्रा द्यायची, आपण ती गिळतो. पडद्यावर कांजींच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, डोक्यावर बहुतेक वेळा हिरागाना, म्हणजे उच्चार दाखवणारी सोपी लिपी, असते, त्यामुळे एन-३ पुरेल. फक्त वेगात वाचायची सवय हवी.

पट्टी. यंत्रावर किंवा रिमोटवर ती वर-खाली करता येते, एकेक पायरी म्हणजे अर्धा स्वर. बाईचं गाणं पुरुषाने मूळ पट्टीत म्हणणं हा घशावर अत्याचार आहे. चार-पाच पायऱ्या खाली या आणि लाजू नका, सगळे तसंच करतात. गुण देणारी सोय मात्र बंद ठेवायला सुचवा. बुचोंना ७४ आणि तुम्हाला ८८ मिळाले तर तो आनंद तुम्हाला पचणार नाही.

वेळ धरा. दोन तास म्हणजे साधारण पंचवीस गाणी, आठ माणसं, म्हणजे वाट्याला तीन. तेवढीच तयार करा: एक मोमोएचं, एक 'माकेनाइदे', एक 'उए ओ मुइते'. राखीव म्हणून 'गांधारा'. एका वेळी एकच गाणं रांगेत टाका. दुसऱ्याचं चालू असताना रिमोटमध्ये डोकं घालून बसू नका, खोलीत डफली असते ती उचला. डफली चांगली वाजवणारा माणूस पुढच्या पार्टीला हटकून बोलावला जातो. मी गाण्यापेक्षा डफलीवरच तगले आहे.

जाता जाता तुम्हा पुणेकरांसाठी एक गंमत, जेवताना सांगायला. काराओकेचं यंत्र १९७१ मध्ये कोबेच्या बारमध्ये वाजवणाऱ्या इनोउए दाइसुके यांनी केलं. त्यांनी पेटंट घेतलं नाही आणि पैसा दुसऱ्यांनी कमावला. २००४ मध्ये त्यांना शांततेचं विनोदी इग नोबेल मिळालं, माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल. पण ज्या बंद खोलीत तुम्ही गाणार आहात ती काराओके बॉक्सची कल्पना ओकायामा या शहराकडची. १९८५ च्या सुमाराला तिथे मालवाहू कंटेनर रस्त्याकडेला ठेवून आत यंत्र बसवलं होतं. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग याच ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे. तुमचे बुचो पुण्याच्या शाखेत येऊन गेले असतील तर ती बाग त्यांनी पाहिली असण्याची बरीच शक्यता.

आणि सराव यंत्रावरच करा, मोबाइलवर नको. कामाच्या दिवशी दुपारी एकट्याने जा, तेव्हा दर कमी असतो आणि एकटं गाणाऱ्याकडे इथे कुणी वळून बघत नाही. त्याला 'हितोकारा' असा शब्दच आहे. तिन्ही गाण्यांची तुमची पट्टी शोधा आणि वजा किती ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. तिसऱ्या ग्लासानंतर आठवत नाही.